रोग एक, नाव एक, सह्या दोन

युस्तिना च्योकला रोग तीन होते आणि हात एक. म्हणजे हात तसे दोनच, चारचौघांना असतात तसे. पण बिघडलेला एकच, उजवा. त्या एका हाताचे तीन दाखले तिनं संत झीटाच्या आश्रमाच्या कारकुनापुढे, म्हणजे हेर क्राइंट्सपुढे (हेर म्हणजे जर्मनांचं श्रीयुत), ओळीनं मांडले होते आणि क्राइंट्स ते असे बघत होता, जणू बाईनं तीन मेलेले मासे आणून टेबलावर ठेवलेत.

"हा जर्मन कागद म्हणतो, लाइटगेबचा रोग," क्राइंट्स म्हणाला. "हा इटालियन म्हणतो, कोस्सुत्ताचा रोग. आणि हा फ्रेंच. ओबेर्तांचा रोग. बाई, तुम्हाला झालंय तरी काय काय?"

"एकच झालंय हो साहेब. ही बघा ना, बोटं."

"बोटं नका दाखवू. मी कारकून आहे. मला कागद दाखवा."

"कागदच तर दाखवलेत! एक मागितला असता, मी तीन आणले."

"तेच चुकलं तुमचं." क्राइंट्सनं भिंतीवरच्या नियमावलीकडे पेन्सिल केली. नियमावली तीन भाषांत होती आणि तिन्हींत तितकीच निर्दयी होती. "कलम सात. असाध्य रोग एक, त्याचं नाव एक, आणि त्या नावाखाली दोन डॉक्टरांच्या सह्या. तुमच्याकडे नावं तीन आणि प्रत्येकाखाली सही एक. ह्याला काय म्हणायचं?"

एक ना धड भाराभर चिंध्या, असं म्हणायचं. पण युस्तिना ते बोलली नाही. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाला सात आठवडे होते. आश्रमाचे विश्वस्त वर्षातून एकदाच, त्या सणाच्या दिवशी, रिकाम्या खाटा भरत. यंदा ऑगस्टात म्हातारी पोलोन्का देवाघरी गेली होती आणि तिची खिडकीजवळची, शेगडीला पाठ लागणारी खाट मोकळी होती. आश्रम खास धुणंवाल्या बायकांसाठीच होता. तिथं पाण्यात हात घालावा लागत नसे. दिवसभर उबेत बसून मोजे रफू करायचे, दुपारी घेवड्याची आमटी, रविवारी मटण. युस्तिनाचं वय बावन्न. नवरा गोदीत पडून मेला त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि जगलेली दोन मुलं जहाजं घेऊन गेली ती तिकडचीच झाली.

हाताचं म्हणाल तर असं, की थंडी पडली आणि धुण्याच्या दगडी हौदात हात गेला की उजव्या हाताची तीन बोटं आधी मेणबत्तीसारखी पांढरी पडत, मग आत वळत, आणि मग उघडतच नसत. दुखतं का? दुखतं म्हणजे काय, ब्रह्मांड आठवतं. गेल्या हिवाळ्यात एका बड्या घरचं टेबलावरचं लेसचं कापड तिच्या मुठीतून सुटून गटारात गेलं. तिची धुण्याची अकरा घरं होती, त्यांतली आता चार उरली होती. त्रिएस्तेत थंडीत बोरा वारा सुटला की माणसं रस्त्यावर दोर धरून चालतात. त्या वाऱ्यात आणखी एक हिवाळा हौदावर काढायचा म्हणजे ती चारही जाणार, आणि मग चर्चच्या पायरीवर बसायचं. खाट मिळाली तर जगणं होतं, नाही तर ती पायरी. युस्तिनाला दुसरं काही नको होतं. रोगाचं नाव काय आहे, ह्याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं.

नाव तर हौदावरच्या बायकांनी केव्हाच ठेवलं होतं. त्या त्याला "मुका हात" म्हणत. हौदावर सत्तर वर्षांची नेझा होती, सगळ्यांची तेता, म्हणजे मावशी. तिला मुका हात होता, तिच्या आईला होता, आणि तिच्या आईच्या मावशीला तर म्हणे दोन्ही होते. दर तिसऱ्या बाईला थोडाफार असायचाच. पण बायकांना असलेला रोग आणि डॉक्टरला सापडलेला रोग ह्यांत फरक असतो. पहिल्याला कुणी विचारत नाही.

सापडला तो असा. उन्हाळ्याआधी युस्तिना शहराच्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या प्रोफेसर लाइटगेबनं तिची बोटं थंड पाण्यात घातली, ती वळताना पाहिली आणि त्याचे डोळे असे पाणावले की युस्तिनाला वाटलं, आता आपण मरणार. ती घाबरून म्हणाली, "फार वाईट आहे का हो, हेर प्रोफेसर?"

"वाईट? बाई, सुंदर आहे!" लाइटगेब म्हणाला. "हे अजून कुणी लिहिलेलं नाही. हा लाइटगेबचा रोग!"

"मग तुम्हालाही आहे का?" तिनं कळवळून विचारलं.

प्रोफेसरनं तिच्यावर एक लेख लिहिला. त्यात त्याचं नाव एकोणीस वेळा आलं होतं आणि तिचं एकदा, तेही पहिल्या अक्षरांपुरतं: "धुणंवाली य. च." वर तिला दाखला दिला. तो घेऊन ती आश्रमाच्या डॉक्टरकडे, कोस्सुत्ताकडे, दुसऱ्या सहीसाठी गेली. कोस्सुत्ता इटालियन, आणि ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या त्रिएस्तेत इटालियन माणसापुढे जर्मन कागद ठेवणं म्हणजे बैलापुढे लाल कापड. त्यानं चष्मा वर केला, कागद वाचला, चष्मा खाली केला.

"लाइटगेबचा? हा रोग मी सहा वर्षांपूर्वी पादोव्यात भाषणात सांगितलाय! लाइटगेब तिथं तिसऱ्या रांगेत झोपला होता. म्हणजे झोपला होता असं मला वाटलं. चोर जागाच होता!" आणि त्यानं आपला वेगळा दाखला लिहिला. तिसरा दाखला फ्रेंच जहाजावरच्या डॉक्टर ओबेर्तांचा. तो बंदरावर सदऱ्याच्या सुट्या कॉलरी धुवायला टाकायला आला होता. युस्तिनाची बोटं बघून तो बोलला, ल्योंच्या रेशीमवाल्या बायकांत हे मी कधीच शोधलं आहे. कॉलरीही त्यानं दुसरीकडे टाकल्या.

हे सगळं ऐकून तेता नेझा हौदावर इतकी हसली की तिचा साबण पाण्यात गेला.

"अगं, आमच्या वाडीत पोरीला दिवस गेले तर नाव द्यायला एक बाप पुढे येत नाही, आणि तुझ्या रोगाला तीन बाप!"

"हसतेस काय, तेता? मला दोन सह्या हव्यात."

"मग जा ना, एकाला म्हण, बाबा रे, दुसऱ्याच्या नावाखाली सही कर. सही करायला काय जातं त्याचं? शाई सरकारी."

म्हातारीला वाटलं तितकं सोपं असतं तर हवं काय होतं! युस्तिना आधी लाइटगेबकडे गेली. तो सभ्य माणूस. त्यानं तिला खुर्ची दिली, आणि तिनं कोस्सुत्ताचा कागद पुढे करताच ती परत घेतल्यासारखा चेहरा केला.

"ह्याखाली? मी?" तो म्हणाला. "बाई, तू ठणठणीत आहेस असं एक वेळ लिहून देईन, पण हे नाही."

"पण हेर प्रोफेसर, हात तर तोच आहे ना?"

"हात तोच आहे. रोग माझा आहे."

कोस्सुत्तानं खुर्चीही दिली नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ही साधी सही नव्हती, एका अख्ख्या राष्ट्राचा प्रश्न होता. आज बोटं दिली तर उद्या विएन्नाचे लोक अख्खा हात मागतील. युस्तिना म्हणाली, "सिन्योर दोत्तोरे, हात माझाय, मी कुणाला देत नाही." पण तो खिडकीबाहेर समुद्राकडे बघत बोलत होता, आणि समुद्राकडे बघून बोलणाऱ्या माणसाला मधे अडवता येत नाही.

ती आठवडाभर ह्या दारातून त्या दारी फिरली. गावाकडे तिनं बांधावरून भांडणारे भाऊ पाहिले होते, विहिरीवरून डोकी फुटलेली पाहिली होती. पण बांधाला निदान काहीतरी पिकतं. रोगावर आपलं नाव लागावं म्हणून जिवावर उठणारी माणसं तिनं पहिल्यांदाच पाहिली आणि तिला त्यांचं हसूही आलं, आणि मग रात्री बोटं ठणकली तेव्हा हसू राहिलं नाही.

ऑक्टोबरात त्रिएस्तेत डॉक्टरांची मोठी परिषद भरली. साऱ्या युरोपातले डॉक्टर आले. लाइटगेबनं युस्तिनाला निरोप धाडला, की हात घेऊन ये. हात घरी ठेवून येण्याची सोय असती तर तिनं केव्हाच ठेवला असता. पण तिला आशा वाटली. इतके शहाणे एका जागी जमताहेत तर ते निदान एक नाव तरी ठरवतील. त्याच आशेनं तिनं मुद्दाम हातही शेकला नाही. प्रोफेसरची ताकीद होती, की सभेपर्यंत बोटं बिघडलेलीच राहिली पाहिजेत.

सभागृहात दोनशे डॉक्टर बसले होते. त्यांतल्या निदान वीस जणांच्या कॉलरी आपल्या हौदावर धुतल्यात, हे तिनं दारातूनच ओळखलं. तेता नेझाचा हात निळीला सैल होता, तिनं धुतलेल्या कॉलरी निळसर दिसत. मंचावर चिनी मातीचं भांडं, त्यात डोंगरातल्या खड्ड्यात हिवाळ्यापासून साठवलेला बर्फ. लाइटगेबनं तिचा हात त्यात धरला. बोटं पांढरी झाली, वळली. सभेनं "आहा" केलं.

"सज्जनहो, लाइटगेबचा रोग!"

"कोस्सुत्ताचा!" दुसऱ्या रांगेतून आवाज आला आणि पाठोपाठ कोस्सुत्ता स्वतः आला. त्यानं हात बर्फातून काढून आपल्याकडे वळवला, आणि इटालियनमध्ये तेच सांगितलं जे लाइटगेबनं जर्मनमध्ये सांगितलं होतं. मग हात पुन्हा बर्फात गेला, कारण ओबेर्तांला तो फ्रेंचमध्ये दाखवायचा होता. एक इंग्रज उठला आणि म्हणाला, की त्यांच्याकडे ह्याला खलाशांचा हात म्हणतात आणि तो फक्त परदेशी खलाशांना होतो. रशियन डॉक्टर म्हणाला, आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, म्हणून नाव ठेवलेलं नाही. युस्तिना कळवळत होती. पण ती ओरडली ती आपल्या घरच्या स्लोव्हेन भाषेत, आणि ती परिषदेची भाषा नव्हती.

परिषदेचा अध्यक्ष एक स्विस म्हातारा होता. तो पार बहिरा होता, आणि म्हणूनच त्याला सगळ्यांनी एकमतानं निवडलं होतं. दोन तासांनी भांडण त्याच्या लक्षात आलं. त्यानं उठून तोडगा मांडला. रोगाला कुणा माणसाचं नाव नकोच. ग्रीक नाव द्या. ग्रीक ही कुणाच्याच घरची भाषा नव्हे, मग कुणाचं दुखायचं कारण नाही. नाव ठरलं खिओनोदाक्तिलिया, म्हणजे म्हणे बर्फबोट. सज्ज्यात एक कॉफीचा ग्रीक व्यापारी बसला होता, त्रिएस्तेत त्यांची शेकडो घरं; तो मोठ्यानं म्हणाला, "आमच्या घरी असं नाही म्हणत!" पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. मतदान झालं. दोनशे हात वर गेले. लाइटगेब, कोस्सुत्ता आणि ओबेर्तां ह्यांचे सगळ्यांत आधी, कारण आपल्याला मिळत नाही तर दुसऱ्यालाही मिळू नये, ह्यावर त्यांचं मनापासून एकमत होतं. ज्या हाताचं बारसं चाललं होतं तो तेवढा वर गेला नाही. तो उघडत नव्हता.

युस्तिना मात्र आनंदानं घरी गेली. वाटेत तिनं नेझासाठी भाजलेले चेस्टनट घेतले.

"झालं, तेता! एक नाव झालं. खिओनो... पुढचं राहिलं, पण कागदावर आहे."

"आणि सह्या?"

"आता काय, सह्या तर होतीलच."

कुठलं काय! दुसऱ्या दिवशी ती लाइटगेबकडे गेली तर तो पुस्तकं आवरत होता. त्याला आता पाद्र्यांच्या गुडघ्यांत रस वाटू लागला होता. गुडघे टेकून टेकून त्यांना एक गाठ येते, आणि ती अजून कुणी लिहिलेली नव्हती.

"खिओनोदाक्तिलिया?" तो म्हणाला. "तो रोग मी बघत नाही. तो सभेचा रोग आहे. सभेला विचार."

"सभा तर घरी गेली हो, हेर प्रोफेसर!"

"मग मी काय करणार?"

कोस्सुत्तानं सांगितलं, की त्या नावाखाली सही केली तर आपण मतदान मान्य केल्यासारखं होईल, आणि ते त्यानं मत देतानाच मनातून अमान्य केलं होतं. ओबेर्तांचं जहाज तर त्याच सकाळी सुटलं होतं. म्हणजे बघा, काल रोगाला तीन बाप होते, आज पोर अनाथ. नाव एक मिळालं, आणि सह्या होत्या त्याही गेल्या.

मार्टिनच्या सणाला चार दिवस राहिले आणि बोरा सुटला. हौदाच्या कडेला बर्फाची साय धरली. युस्तिनाच्या हातातून साबण तीनदा सुटला, चौथ्यांदा तिनं तो उचललाच नाही. तशीच, ओला ॲप्रन खोचून, इस्पितळात गेली आणि दरवाजावरच्या माणसाला ढकलून लाइटगेबच्या खोलीत शिरली.

"सही करा!" ती म्हणाली.

"बाई, मी सांगितलं..."

"सांगू नका! सहा महिने तुम्ही सांगताय नि मी ऐकतेय! बर्फात हात घालून घेतलात, लोकांना दाखवलात, त्याच्यावर लेख लिहिलात, आणि मी शेकायचंही नाही म्हणून सांगितलंत! कळसूत्री बाहुली नव्हे मी तुमच्या खेळातली! आता खाट जातेय माझी, आणि तुम्ही गुडघे बघताय? बघा हा हात! हा तुमचा नाही, त्या इटालियनाचा नाही, ग्रीकांचा तर मुळीच नाही. माझाय! आणि तो दुखतो!" आणि तिनं तो मुका हात टेबलावर असा आपटला की शाईची दौत उलटली. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिला हसू आलं, कारण शाई प्रोफेसरच्या कॉलरीवर उडाली होती आणि ती कुणाला धुवावी लागणार हे तिला ठाऊक होतं.

लाइटगेबनं तिच्याकडे पाहिलं. सहा महिन्यांत त्यानं तिच्या तोंडाकडे पाहण्याची ही पहिलीच वेळ. मग त्यानं एक कोरा कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, सही केली आणि अगदी मायेनं म्हणाला, "हे घे. कोस्सुत्ताकडे जा. काळजी करू नको."

कोस्सुत्तानं चष्मा वर केला, वाचलं. युस्तिना उंबऱ्यातच उभी राहिली, पळता यावं म्हणून. पण तो चिडला नाही. लाइटगेबच्या कागदावर त्यानं सहा वर्षांत पहिल्यांदाच मान डोलावली.

"ह्या बाबतीत मात्र," तो म्हणाला, "हेर प्रोफेसरांचं बरोबर आहे." आणि खाली वळणदार सही केली.

युस्तिनाला वाचता येत नव्हतं. ती धावतच क्राइंट्सकडे गेली. त्यानं कागद उजेडाला धरला आणि त्याचा चेहरा फुलला. कारकुनाचा चेहरा फुलणं म्हणजे उंबराचं फूल.

"अहो वा! हिस्टेरिया! हे आधी का नाही आणलंत? असाध्य रोगांच्या यादीत पहिल्याच पानावर आहे. बघा, जर्मनमध्ये हिस्टेरिया, इटालियनमध्ये हिस्टेरिया, तुमच्या स्लोव्हेनमध्येही हिस्टेरिया. फ्रान्सला जा, रशियाला जा, हेच. ह्यावर कुणाचा वाद नाही. असा रोग असावा!"

"म्हणजे काय असतं ते?"

क्राइंट्स जरा लाजला. "जुना शब्द आहे, ग्रीक. बायकांचं गर्भाशय म्हणे जागा सोडून अंगात हिंडतं, आणि मग बाई रडते, ओरडते, वस्तू आपटते."

"माझं?" युस्तिना म्हणाली. "पाच बाळंतपणं झाली साहेब, तेव्हा कुठं गेलं नाही ते. आता बावन्नाव्या वर्षी हिंडायला निघालं होय?"

"कागदावर आहे," क्राइंट्स म्हणाला, आणि शिक्का मारला.

खाट मिळाली. खिडकीजवळची, शेगडीला पाठ लागणारी, घेवड्याच्या आमटीची. युस्तिनानं पहिल्या रात्री दोन्ही हात शेगडीच्या फरशीवर ठेवले आणि ती रडली, पण हळू, कारण मोठ्यानं रडलं तर औषध देत. उबेत बोटं सैल झाली. मोजे रफू करता येऊ लागले. तिला आपण वेडगळ ठरलो ह्याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण शेगडी गरम होती, आणि गरम शेगडीपुढे माणूस बरंच काही गिळतो.

जानेवारीत आणखी एक म्हातारी गेली. थंडी फारच कडक होती, म्हणून विश्वस्तांनी ती खाट सणाची वाट न बघता भरायचं ठरवलं. गुरुवारी कोस्सुत्ता तपासणीला आला आणि क्राइंट्स वही घेऊन त्याच्या मागे. बाकावर कोण बसलं होतं? तेता नेझा. डोक्याला रुमाल, पायांत मुलाचे जुने बूट, आणि मांडीवर उजवा हात, पांढराफटक, मूठ वळलेली. आता तिचीही बोटं उघडेनाशी झाली होती.

"मुका हात आहे हो, सिन्योर दोत्तोरे," ती म्हणाली. "आईलाही होता."

"असा काही रोग नाही," कोस्सुत्ता म्हणाला.

"नाही कसा? परिषदेत नाव ठेवलं ना त्याचं?"

"ठेवलं होतं. पण मग ती रोगीण हिस्टेरियाची निघाली. तिचा हात म्हणजे सगळा मनाचा खेळ. प्रोफेसर लाइटगेबांनी तसं छापलं, मी पुष्टी दिली. खिओनोदाक्तिलिया यादीतून काढून टाकली आहे." मग त्यानं मान वळवली. "ही इथंच बसलीय. विचारा तिला."

युस्तिनाच्या हातात अर्धा मोजा होता. खोटं कशाला सांगू, तिनं आधी खालीच पाहिलं. तिच्या पाठीला शेगडी लागत होती. हिस्टेरिया नाही म्हटलं तर ह्या शेगडीला दुसऱ्या कुणाची तरी पाठ लागणार, इतकं गणित तिला न लिहिता-वाचता येत होतं. क्राइंट्स वाट बघत होता. नेझा वाट बघत नव्हती, ती आपली तिच्या हातातला मोजा बघत होती आणि म्हणाली, "टाका चांगला घालतेस गं आता."

मग युस्तिनाला राहवलं नाही. ती उठली.

"मनाचा खेळ नाही!" ती म्हणाली. "माझा हातही तोच आहे, तिचाही तोच. थंड पाण्यानं होतो! हौदावर दर तिसऱ्या बाईला आहे! मी वेडी नाही. घ्या तुमची खाट, पण हिला द्या!" आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणून तिनं खिडकीबाहेर ठेवलेली पाण्याची बादली आत ओढली, वरची बर्फाची साय फोडली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. बोटं पांढरी पडली, वळली. ती कळवळून किंचाळली. बादली उलटली. मोजे भिजले.

"बघा," कोस्सुत्ता शांतपणे क्राइंट्सला म्हणाला. "झटका. अगदी पुस्तकात आहे तसा. हिला इथून हलवू नका. खाट तिची कायम."

क्राइंट्सनं वहीत तसं लिहिलं. मग तो नेझाकडे वळला.

"तुम्हाला असे झटके येतात का, आजी? ओरडणं, रडणं, वस्तू आपटणं?"

युस्तिना ओल्या फरशीवर बसली होती. तिनं नेझाचा ॲप्रन धरला आणि दातओठ खाऊन कुजबुजली, "ओरड, तेता. देवासाठी ओरड!"

"का गं ओरडू?" नेझा म्हणाली. "दुखतात बोटं. डोकं जागेवर आहे माझं."

"मग आपट काहीतरी!"

"आणि मग भरून कोण देणार?" ती क्राइंट्सकडे वळून नम्रपणे म्हणाली, "नाही हो साहेब. असलं काही मला कधी होत नाही."

कोस्सुत्तानं मान हलवली. म्हातारीनं उजवा हात ॲप्रनमध्ये गुंडाळला, डाव्या हातानं टोपली उचलली आणि बाहेर बोरा होता म्हणून रुमालाची गाठ दातांनी घट्ट केली. दार लागलं. क्राइंट्सनं तिच्या नावापुढे "निरोगी" असं लिहिलं. नियमाप्रमाणे तिन्ही भाषांत लिहावं लागे. तिन्ही भाषांत त्याला वेगवेगळा शब्द होता, आणि एकावरही कुणाचं भांडण नव्हतं.